तीन गावांची एक मगर

बोनिफासला आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक त्याची मुलगी लुडविका, जी किनाऱ्यावरच्या मदांग शहरात शिकून मास्तरीण झाली होती. आणि दुसरी म्हणजे 'तोमुर' हा शब्द, जो त्याने स्वतः काढला होता.

तोमुर म्हणजे 'नाही'. इंबांग गावात तीस वर्षांपासून लोक तोमुर म्हणतात. त्याआधी ते 'उके' म्हणायचे, नदीच्या खालच्या अंगाला कासेर गावात आजही म्हणतात तसंच. पंचवीस वर्षांचा बोनिफास एका दुपारी पुरुषांच्या मोठ्या घरात उभा राहिला आणि म्हणाला, "कासेरवाले उके म्हणतात, आपणही उके म्हणतो. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?" म्हाताऱ्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. पोराचा मुद्दा बिनतोड होता. दोन दिवस खल झाला आणि उके हद्दपार झालं.

नदीकाठी यात कुणाला काही नवल वाटलं नाही. वरच्या अंगाच्या उरुम गावाने आजोबांच्या काळात कुत्र्याचा शब्द बदलला होता, कासेरने चंद्राचा. तिन्ही गावांच्या भाषा एकाच आजीच्या नाती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर वेगळं दिसायची एवढी धडपड. लांबच्या माणसाशी वेगळेपण सिद्ध करावं लागत नाही, ते आपोआप असतं.

बोनिफासच्या घरात मात्र एका माणसाने तोमुरला कधी दाद दिली नाही. त्याची बायको माकारिता कासेरची. नवऱ्याने गावाची जीभ वळवली, पण बायकोची काही वळली नाही. सागो, झाडाच्या गाभ्यातल्या पिठाची ती लापशी, ढवळता ढवळता मान वर न करता ती "उके" म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात कुणी उके म्हणत नव्हतं, आणि लेक मदांगला गेली तेव्हा तर तोमुर म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं.

अशात शिक्षण खात्याचं पत्र आलं. लुडविकाने ते घराच्या ओट्यावर बसून वाचलं.

"एका भाषेची तीनशे माणसं असतील तर त्या भाषेतली शाळा मिळेल, बाबा."

"आपण किती?"

"एकशे चाळीस. फिलोमेनाच्या जुळ्यांना धरून."

"आणि शाळा नाही मिळाली तर?"

लुडविकाने दुसरा कागद काढला. तिची नेमणूक होती, वर डोंगरात, विमानाने जावं लागतं तिथे. थंडी पडते, रताळी खातात, सागोचं झाड औषधाला नाही. "साहेब तपासणीला येतील ना, त्यांच्याच बोटीने मला निघावं लागेल," ती म्हणाली.

बोनिफासने नदीकडे तोंड वळवलं. मुलगी दोन वर्षं मदांगला होती तेव्हा तो रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचा आणि विचारलं की सांगायचा, मासे बघतोय. त्या दोन वर्षांत त्याने एकही मासा धरला नव्हता.

मग त्याने हिशेब मांडला. इंबांग एकशे चाळीस, कासेर एकशे वीस, उरुम पंचाण्णव. तिन्ही गावं मिळून भाषा एक आहे असं साहेबाला वाटलं तर शाळाही होते आणि मास्तरीणही घरात राहते. साहेबाची रीत लुडविकाला माहीत होती. शंभर शब्दांची यादी असते. प्रत्येक गावातल्या एकाला एकेकटं बसवून तेच शंभर शब्द विचारायचे. सत्तर जुळले तर भाषा एक, नाही जुळले तर ज्याने त्याने आपापली चूल मांडावी.

"जुळतील का?" बोनिफासने विचारलं.

"पन्नास-पंचावन्न जुळतील," लुडविका म्हणाली. "लोकांनी शब्द बदलत बसायचा उद्योग केला नसता तर सत्तरही जुळले असते."

बोनिफासने चुन्याच्या भोपळ्यात काडी घातली आणि बराच वेळ ती बाहेर काढली नाही.

तिन्ही गावांची बैठक इंबांगला भरली. उरुमकडून आला क्लेटस, सत्तरीचा, तोंडात एकच दात, पण त्या एका दाताने बाराही महिने बोलणारा. त्याची सगळी इज्जत एका मगरीवर उभी होती. तीस वर्षांपूर्वी भरदुपारी एक अजस्र मगर कासेरला आली, मासे धुरवायची अख्खी माची ओढून नदीत घेऊन गेली, आणि त्या दिवशी तिथे पाहुणा आलेल्या क्लेटसच्या बापाने तिला भाला फेकून मारला. मगर माचीसकट पळाली. या मगरीवर कासेरात गाणं आहे, उरुमात नाच आहे, आणि इंबांगात पोरं रडायला लागली की तिचं नाव सांगतात.

कासेरकडून आली स्कोलास्टिका, माकारिताची मोठी बहीण. बायकोच्या बहिणीचं नाव घ्यायचं नाही, जीभ झडते, म्हणून बोनिफास तिला 'बाई' म्हणे. ती त्याला 'जावईबापू' म्हणे, आणि त्या 'बापू'त इतका खवचटपणा भरे की त्यापेक्षा नाव घेतलं असतं तर परवडलं असतं.

"म्हणजे जावईबापू," तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आम्ही तुमचे शब्द बोलायचे?"

"आम्ही तुमचे, तुम्ही यांचे, हे आमचे. वाटणी करायची. तेहेतीस तेहेतीस शब्द प्रत्येक गावाचे. सगळ्यांनी तेच पाठ करायचे."

"आणि उरला तो एक?"

उरलेला शब्द सागोचा होता. तो कुणी सोडेना. रोज तीन वेळा जे खातो त्याला दुसऱ्याच्या शब्दाने हाक मारायची म्हणजे काय? शेवटी ठरलं की सागोवर पाणी सोडायचं. नव्व्याण्णव पुरे झाले.

बाकीच्यांवर दीड दिवस भांडण झालं. क्लेटसने कुत्रा मिळवला आणि तो डुक्करही मागत होता. स्कोलास्टिकाने चंद्र घेतला. आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा 'नाही' हा शब्द कासेरकडे गेला. यादीत एक्केचाळिसावा. उके.

"पाठ होईल ना, जावईबापू?" स्कोलास्टिका म्हणाली. "छोटा आहे."

साहेब आला शुक्रवारी. तोबियास नाव, किनाऱ्यावरचा जाडगेला माणूस. दोन दिवसांच्या बोटीने त्याचा रंग कच्च्या पपईसारखा झाला होता. बोटवाल्याला पाणी उतरायच्या आत निघायचं होतं, म्हणून त्याने बोटीची मोटार पाण्यातून वर काढलीच नाही. लुडविकाची पिशवी खालीच शिडीपाशी ठेवलेली होती.

चर्चच्या भिंती सागोच्या देठांच्या. देठांमध्ये बोटभर फटी. साहेब आत एकेकाला घेऊन बसला, आणि बाहेर प्रत्येक फटीला एक डोळा लागला.

पहिला क्लेटस. त्याने अर्धी यादी विसरून त्या जागी सुचेल ते ठोकलं, तरी बऱ्यापैकी सांगितलं. मग स्कोलास्टिका. तिने शब्दाला शब्द बरोबर दिला. उरुमचा कुत्रा म्हणताना तिच्या तोंडावर असा भाव होता की जणू तो कुत्राच चावतोय, पण म्हणाली. साहेबाने बोटांवर मोजलं. दोघांचे चौऱ्याहत्तर जुळत होते. बाहेर लुडविकाने पहिल्यांदा श्वास सोडला.

मग बोनिफास आत गेला. डोकं, केस, कान, पाणी, आग, सगळं पाठ. चाळीस शब्द एका दमात झाले.

"नाही," साहेबाने टोक पिसिनमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या बाजारी भाषेत, विचारलं. "याला तुमच्यात काय म्हणता?"

बोनिफासने तोंड उघडलं. फटींमधून त्याच्या गावचे चाळीस-एक डोळे त्याच्याकडे बघत होते. ते या शब्दावर वाढले होते. काहींनी आयुष्यात पहिला शब्द म्हणून तोच उच्चारला होता. ओठांपर्यंत उ आला होता.

"तोमुर," बोनिफास म्हणाला.

बाहेरून इंबांगने जो जल्लोष केला, त्याने चर्चच्या छपरातली पाल खाली पडली. इथेच तो थांबता तरी चाललं असतं, एका शब्दाने काही बिघडत नव्हतं. पण माणसाला गावाची शाबासकी चढली की ताडी परवडली. पुढचे एकोणसाठ शब्द बोनिफासने छाती काढून अस्सल इंबांगचे सांगितले, त्यातले दोन तर कुणीच वापरत नाही इतके जुने. बेरीज झाली बावन्न.

"बावन्न," साहेब म्हणाला आणि यादीची घडी घातली. "तीन भाषा आहेत, लुडविका. मला वाईट वाटतं."

बोनिफास बाहेर आला तेव्हा त्याच्या गावचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि त्यांच्या डोक्यांवरून त्याला मुलगी दिसत होती. ती खाली वाकून पिशवीचा बंद घट्ट करत होती. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं.

कासेरच्या बायकांना मात्र आधीच कळलं होतं. स्कोलास्टिका चर्चच्या पायरीवर चढली.

"अहो जावईबापू! वाटणीत 'नाही' आमच्याकडे आलं होतं ना? मी गिळला तो उरुमचा कुत्रा! तुम्हाला माझ्या बहिणीचा एक शब्द गिळवला नाही?"

"बाई, जरा हळू."

"हळू तुमच्या डुकरिणीला सांगा! पोरगी चालली डोंगरात गारठायला, आणि बाप इथे शब्दाला कवटाळून बसलाय!"

"आमच्या कुत्र्याला काय झालं गिळायला?" क्लेटसने मध्येच विचारलं. "चांगला शब्द आहे."

"शब्द चांगला आहे, कुत्रे खरजुले आहेत!" इंबांगची फिलोमेना ओरडली, दोन्ही काखांत दोन जुळी घेऊन. मग उरुमच्या सुनांनी कासेरच्या माशांचा वास काढला, कासेरने इंबांगच्या होड्यांचा आकार काढला, आणि बघता बघता तिन्ही गावं आपापल्या भाषेत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. या गदारोळात स्कोलास्टिकाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "तोंड उघडू का मी? उघडू? तीस वर्षं मिटलंय, बहिणीखातर! सांगू का तोमुर कुठून आलं?"

बोनिफासचे कान गरम झाले. तो खाली बघत राहिला.

लुडविका मात्र साहेबाकडे धावली. "सर, ऐका ना. मावशी कासेरची बोलतेय, फिलोमेना आमची, त्या उरुमच्या. मध्ये कुणी दुभाष्या दिसतोय का तुम्हाला?"

साहेब बोटीकडे जाता जाता थांबला. थोडा वेळ त्याने ऐकलं. मग मान हलवली. "शिव्या कुत्र्यालाही कळतात, बाई. माझ्या शेजारच्या बेटावरचे लोक मला शिव्या देतात त्या मला नीट समजतात. पण तेच हसायला लागले की मला कळत नाही कशाला हसतात."

"मग हसले तर धराल?"

"तिन्ही गावं एकदम हसली तर कागदावर लिहीन मी. पण नवीन गोष्टीला. कुणी कुणाला समजावून सांगायचं नाही."

क्लेटस लगेच पुढे आला. "एकदा एक पाद्री डुकरावर बसला," त्याने सुरुवात केली, आणि तिन्ही गावं हसली. साहेब म्हणाला, "ही नको. अजून त्याने सांगितलीच नाही."

अडचण इथेच होती. साडेतीनशे माणसं, एक नदी. कुणाचं डुक्कर कुणाच्या बागेत शिरलं हे डुकराच्या आधी गावाला कळतं. कुणी न ऐकलेली गोष्ट या पाण्यावर उरलीच नव्हती. लुडविकाने एकेकाकडे बघितलं. बोटवाल्याने दोर सोडायला घेतला. तिने पिशवी उचलून खांद्याला लावली.

"एक आहे," बोनिफास म्हणाला.

स्कोलास्टिकाने चटकन वर बघितलं. सुपारी तिच्या गालात थांबली.

बोनिफास चर्चच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मग तिथेच बसला. "तोमुर कुठून आलं ते सांगतो," तो आपल्या भाषेत म्हणाला. "मी पंचवीस वर्षांचा होतो. मामाची विजार मागून घेतली, सुपारीचा एक घड घेतला, आणि भरदुपारी कासेरला गेलो. गावात कोणी दिसेना. सगळे सागो कापायला. काठावर ह्या एकट्या बाई सागो धुवत होत्या."

"एकटी नव्हते, कुत्रा होता," स्कोलास्टिका कासेरच्या भाषेत म्हणाली. "सांगायचं तर नीट सांगा."

"मी विचारलं, माझ्या घरी येशील का? ह्या म्हणाल्या, उके. मला वाटलं, पाण्याचा आवाज आहे, ऐकू गेलं नसेल. परत विचारलं."

"तीनदा विचारलं. शेवटी सुपारी कुत्र्याला दिली."

"पडली हातातून! पण त्या तीन उकेंनंतर तो शब्दच मला कानाला नको झाला. मग म्हटलं, इथून निघावं. होडीत बसलो आणि वल्हवायला लागलो. जीव तोडून वल्हवतोय, वल्हवतोय, आणि काठ काही मागे जाईना. मान वर करायची लाज वाटत होती. वाटलं, पाण्याला ओढ आहे."

"होडी बांधलेला वेत सोडलाच नव्हता!" स्कोलास्टिका म्हणाली, आणि तिचा आवाज फुटायला लागला होता. "मी तिथे उभी. म्हटलं सांगावं, तर हा माणूस माझ्याकडे बघेल तर शपथ!"

उरुमच्या बाजूने कुणीतरी खुसखुसलं. साहेबाने तिकडे मान वळवली.

"कशाला बांधला होता वेत?" एका उरुमच्या सुनेने तिच्या भाषेत विचारलं.

बोनिफासने डोळे मिटले. "मासे धुरवायच्या माचीला," तो म्हणाला.

क्षणभर नदीसुद्धा ऐकू आली.

"मी एक जोराचा हिसका दिला. मागे काहीतरी कडाडलं, आणि होडी सुटली. मला वाटलं, चला, सुटलो. वळून बघितलं तर माझ्यामागून कासेरची अख्खी माची येत होती, माशांसकट."

क्लेटसचं तोंड उघडं पडलं. एकुलता दात उन्हात आला. "थांब," तो उरुमच्या भाषेत म्हणाला. "मग माझ्या बापाने भाला मारला तो कुणाला?"

"होडीला, काका. भोक पडलं. घरी पोचेस्तोवर मी त्यावर बसलो होतो."

आधी फिलोमेनाची दोन्ही जुळी दचकून रडायला लागली, कारण त्यांच्या आईचं पोट हलत होतं. मग जे काही फुटलं ते इंबांगचं नव्हतं, कासेरचं नव्हतं, उरुमचं नव्हतं. म्हाताऱ्या जमिनीवर बसल्या. मगरीच्या नाचात मगर होणारा उरुमचा गडी झाडाला धरून कण्हत होता. स्कोलास्टिका पायरीवर वाकून पदराएवढ्या फडक्याने डोळे पुसत होती, आणि "माशांसकट, माशांसकट" एवढंच म्हणत होती. थोड्या वेळाने क्लेटसही हसला, सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत जास्त.

एकटा साहेब हसला नाही. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. तो तिन्ही गावांकडे आळीपाळीने बघत होता, आणि कोणीही कोणाला काही समजावून सांगत नव्हतं. त्याने खिशातून यादी काढली, घडी उलगडली, बावन्नवर काट मारली आणि खाली एक ओळ लिहिली.

"तिन्ही गावांची भाषा एक," त्याने टोक पिसिनमध्ये जाहीर केलं. "शाळा मंजूर होईल."

हसू जागच्या जागी थांबलं.

"एक?" स्कोलास्टिका म्हणाली.

"आमची आणि ह्यांची?" फिलोमेना म्हणाली.

"सायबाला आमच्या भाषेतलं काय कळतं?" क्लेटस म्हणाला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिन्ही गावांचं एकमत झालं. माणूस बरा आहे, पण अडाणी आहे. त्याला सुपारीचे तीन वेगवेगळे घड देऊन बोटीत बसवला. लुडविकाची पिशवी शिडीवरून परत वर गेली, आणि ती वर नेताना बोनिफासने ती दोनदा खाली टाकली.

उतरत्या उन्हात स्कोलास्टिका आपल्या होडीकडे निघाली. बोनिफास वेत सोडून द्यायला गेला. "तुम्ही कधी बोलला नाहीत, बाई," तो म्हणाला.

"काय बोलणार? पुढच्या वर्षी माकारिता म्हणाली, हाच पाहिजे. मगर घरात आली तर झाकायला नको?" तिने वल्हं पाण्यात घातलं. "तिला मी सांगितलं होतं सगळं. ती म्हणाली, तीनदा विचारणारा माणूस बरा."

हे बोनिफासला माहीत नव्हतं. तो तसाच हातात वेत धरून उभा राहिला, तेव्हा स्कोलास्टिका म्हणाली, "सोडा आता, जावईबापू. नाहीतर ह्या वेळी धक्का येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुडविकाने शाळेसाठी तक्ता करायला घेतला. एका हाताने ती सागो ढवळत होती, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या कागदावर शब्द लिहीत होती. कुत्रा उरुमचा, चंद्र कासेरचा. सागोची जागा तिने मोकळी सोडली होती.

"'नाही'ला काय लिहितेस?" बोनिफासने सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती ढवळत राहिली.

"नाही म्हणजे, माझा आग्रह नाही," तो म्हणाला. "पण शाळा आली ती कुणामुळे? भर सभेत कुणी स्वतःची मगर करून घेतली? आणि शब्द म्हणून बघ की. भरदार आहे. पोरांच्या तोंडात बसतो. तक्त्यावरही शोभेल. तोमुरच लिही."

"उके," लुडविका मान वर न करता म्हणाली.

बोनिफासने पानावर सागो वाढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि धुराचं कारण सांगायला चूल फार लांब होती. चार वर्षांनी घरात कुणीतरी त्याला नाही म्हणालं होतं.